अर्धी झिजलेली चकती

सासऱ्यांच्या कारखान्याच्या किल्ल्या आता आपल्याच खिशात पडणार, याबद्दल जावईबापूंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सोमवारी निर्णय जाहीर व्हायचा होता. भाषण त्यांनी बायकोला इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते तिलाच पाठ झालं होतं.

कारखान्यात टँटलमच्या जाड चकत्या बनत. धातू रोलरखाली दाबायचा, भट्टीत तापवायचा, मग घासून लखलखीत करायचा. गिऱ्हाईक ती चकती निर्वात यंत्रात बसवी. तिथे तिच्यावर वायूच्या विद्युतभारित कणांचा मारा होऊन धातूचे अणू उडत आणि समोरच्या संगणकाच्या चिपवर पातळ थर चढे. धातूचे स्फटिक वरपासून आतपर्यंत सारखेच मिसळलेले असले तर थर सारखा. कुठे घोळक्यानं एकाच बाजूला तोंड करून बसले, की थराचा बट्ट्याबोळ.

जावईबापूंची केबिन नेमकी रोलरच्या वर. खडखडाटानं त्यांचं डोकं उठे, म्हणून त्यांनी रोलरचा दाब हलका करायला लावला. घासल्यावर चकत्या तरीही आरशासारख्या निघत. तपासणीचे क्ष-किरण वरच्या पृष्ठभागावरच पडत, त्यामुळे रिपोर्टही झकास.

"भाऊजी, हलक्या दाबानं धातू वरवरच मळला जातोय, आत स्फटिकांचे घोळके तसेच राहतायत," भट्टी सांभाळणारी मेहुणी म्हणाली. "एक चकती मधोमध कापून बघू या."

"चांगली चकती कापायची? अगं, वाढदिवसाचा केक आहे का तो?" जावईबापू स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसले.

ती वडिलांकडे गेली. "जावईबापूंना त्यातलं कळतं," म्हणत त्यांनी तिची बोळवण केली. तिला भयंकर राग आला आणि तो तिनं लपवलाही नाही.

सोमवारी सगळे जमले. जावईबापू घसा खाकरून उभे राहतात तोच गिऱ्हाइकाचा इंजिनियर आत आला. त्यानं एक चकती टेबलावर आदळली. वापरून अर्धी झिजलेली. उघड्या पडलेल्या आतल्या धातूवर नायट्यासारखे चट्टे उठले होते, काही चकचकीत, काही मळकट.

"आधी उत्तम चालली," तो म्हणाला. "अर्ध्यावर आली आणि थर कुठे जाड, कुठे पातळ. सगळा माल फेकावा लागला."

"पण पृष्ठभागाचा रिपोर्ट बघा ना!" जावईबापू म्हणाले.

"तो पृष्ठभाग राहिलाय कुठे आता?"

सासरे बराच वेळ चट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी किल्ल्या काढल्या आणि धाकट्या लेकीसमोर ठेवल्या. "तू सांगत होतीस आणि मी रिपोर्टवर भाळलो."

"कापायची करवत आधी मागवते," ती म्हणाली आणि किल्ल्या उचलून निघालीसुद्धा.

जावईबापू बायकोशेजारी बसले. "पण वरून तर एक नंबर होती ना गं चकती?" त्यांनी बायकोच्या कानात विचारलं.

बायकोनं आवाज मुळीच खाली आणला नाही. "लग्नात तुम्हीही एक नंबर दिसत होतात."