जोर लावायचा नाही

आमचे हे कुलूपवाले. किल्ली हरवली, दार अडकलं, की लोक ह्यांना फोन करतात. असंच एकदा एका निवृत्त प्राध्यापकाचं दार उघडून दिलं आणि त्या भल्या माणसाने चहाबरोबर ह्यांना प्राचीन चिनी तत्त्वज्ञान पाजलं. जगाच्या ओघाशी झटापट करू नये, गोष्टी आपसूक होऊ द्याव्यात. झालं! ह्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. कुलपाचंही तसंच असतं म्हणे, जोर लावला की किल्ली आतच तुटते. मग मोबाईलवर दिवसभर त्याचीच भाषणं. नळ गळतोय, गळू दे. शेजारी आमच्या दारात स्कूटर लावतो, लावू दे. टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागल्या की आवाज बंद करून डोळे मिटून बसायचं. मी म्हणायचे, तुमच्या त्या ज्ञानी लोकांच्या बायकांना विचारा एकदा, घर कोण चालवत होतं ते.

लेकीवर बेतेपर्यंत मी हे सगळं हसण्यावारी नेलं.

आमची एकुलती एक लेक एका कंपनीत कामाला. लोक मोबाईलवर जे भयंकर व्हिडिओ टाकतात, ते बघायचे आणि काढून टाकायचे, हे तिचं काम. लढाई सुरू झाली तसे ते वाढले. काय काय बघावं लागतं, हे तिने कधी सांगितलं नाही. नुसती मान खाली घालून जेवायची. एका संध्याकाळी आली, पर्स सोफ्यावर टाकली आणि खोलीत जाऊन दार लॉक केलं. मी दार बडवलं, हाका मारल्या, शेवटी चिडून नाही नाही ते बोलले. तेव्हा ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "जोर लावायचा नाही. गढूळ पाणी ढवळू नये, ते निवळतं. ती येईल बाहेर."

आणि मी मूर्खासारखं ऐकलं. मग घरात नियमच झाला, दाराला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. ताट दाराशी ठेवून निघून जायचं. मी शिवणाच्या दुकानात गेले की ती आंघोळ उरकून घ्यायची, ते ओल्या टॉवेलवरून कळायचं. ताट आधी अर्धं परत यायचं, पुढे पुढे तर जवळजवळ तसंच. मनात नको नको ते यायचं. मशीनवर पाय चालायचे आणि जीव त्या दारापाशी. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या उजव्याच लावून ठेवल्या.

काल हे कामावरून उशिरा आले. एक म्हातारी घरात पडली होती, दार आतून बंद. ह्यांनी धावत जाऊन उघडलं, म्हातारी वाचली. हे सगळं ह्यांनी चहाचे घोट घेत, अगदी शांतपणे सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

"परक्या म्हातारीसाठी जिने धावत चढलात," मी म्हटलं. "तिथे नाही वाटलं, होईल आपसूक म्हणून?"

ह्यांनी कप खाली ठेवला, हत्यारांची पेटी उचलली आणि लेकीच्या दारासमोर गुडघ्यांवर बसले. सळई कुलपाच्या भोकात जाईना. कुणाच्याही दारी गेले की हे आधी हँडल फिरवून बघतात. निम्म्या लोकांची दारं नुसती घट्ट बसलेली असतात, असं सांगून हसतातही. इथे ते विसरले. मीच वाकून हँडल फिरवलं.

दार उघडलं.

लेक पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. डोळे पार खोल गेलेले. आमच्याकडे बघत राहिली.

"पहिल्या रात्रीनंतर मी लॉक केलंच नव्हतं," ती म्हणाली. "कुणी येईना, तेव्हा वाटलं, तुम्हालाही मला बघवत नाहीये."

मी जाऊन तिला कवटाळलं, तर हाताला नुसती हाडं लागली. हे बाहेर तसेच गुडघ्यांवर, हातात सळई धरून. "आत येऊ का, बाळा?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबले. तिने तोंड माझ्या खांद्यात लपवलं. हे आणखी थांबले. मग मी उठले, त्यांच्या बखोटीला धरलं आणि फरफटत आत आणलं.