चार बोटांची जागा

“उतरव,” सहादेव म्हणाला.

बोटीचं इंजिन साखळीवरून व्हॅनमध्ये नुकतंच टेकलं होतं. कुलदीप मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला. “चाचा, अब क्या हुआ?”

“चार बोटं जात न्हाय.”

सहादेव मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. टायर आणि वरचा पत्रा यांच्यातल्या फटीत त्याने एकावर एक अशी चार बोटं घालून पाहिली. तीन शिरली, करंगळी बाहेर राहिली.

घरची मिठागरं गेल्यावर त्याने ही लांब, उंच छपराची व्हॅन घेतली होती. तिला एकोणीस वर्षं झाली. मंडपाचे खांब, लग्नाची भांडी, नया नगरातल्या बिऱ्हाडांची कपाटं, काय काय नेलं तिने. नियम एकच. माल भरल्यावर चार बोटांची जागा उरली पाहिजे, नाही तर माल खाली. गिऱ्हाईक चिडलं तर चिडो. म्हणूनच भरलेली गाडी रस्त्यात कधी बसली नव्हती, आणि वजनकाट्यापेक्षा लोक सहादेवच्या बोटांवर भरवसा ठेवत.

गेली चार-पाच वर्षं मात्र बोटं लवकर अडकू लागली. एका खेपेत मावणारं बिऱ्हाड दोन खेपांत जाऊ लागलं. गाडी म्हातारी झाली, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसले, असं सहादेव सगळ्यांना सांगे. कुलदीपने दोनदा पाटे तपासून “एकदम कडक है” म्हटलं, तेही त्याला खरं वाटलं नाही. शेवटी मुलाला, उदयला, त्यानेच सांगितलं की आता भंगारात देऊन टाक. आज चार वाजता भंगारवाला इथेच, काशीमीऱ्याला, गाडी ताब्यात घ्यायला येणार होता. त्याआधी ही शेवटची खेप.

इंजिन पालीच्या तेरेज कोळणीचं होतं; कुलदीपने ते नुकतंच दुरुस्त केलं होतं. परवा बोटी दर्यात जायच्या होत्या.

“सादेवदा,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आठ वरसांमागं ह्योच इंजिन तू नेलास. वर मी न माझ्या दोन जावा बसलेल्या. इसरलास?”

“तवा गाडी जवान होती.”

“न मी?”

“तुमी तिघी बसल्या म्हनून तर पाटं बसलं.”

कुलदीप मोठ्याने हसला. तेरेजने नाक उडवलं, खाली वाकली आणि फटीत स्वतःचा हात घातला. चार बोटं गेली, वर अंगठाही गेला.

“बायकांचा हात बारीक,” सहादेव म्हणाला.

“बारीक? जाली वढून वढून फावडा झालाय त्याचा! ए कुलदीप, तू डाल रे हाथ.”

कुलदीपचा पंजा दांडगा. त्याचीही चार बोटं आत गेली.

तेरेजने सहादेवचा हात धरून उजेडात फिरवला. “ह्या गाठी कंदीपासून?”

“अंगठी कापून काढायला लागली ना...” सहादेव म्हणाला आणि मधेच थांबला. अंगठी कापली त्याला पाच वर्षं झाली होती.

तो उठला आणि मागच्या दाराशी गेला. गाडी नवी असताना आतून तांबडा रंग मारताना रंगाने ओला हात दाराला लागला होता. तो पंजा अजून तिथे होता, रेघ न् रेघ स्पष्ट. सहादेवने त्यावर आपला हात ठेवला. प्रत्येक पेराशी बोटं तांबड्याच्या बाहेर आली.

रस्त्यावरून ट्रक जात राहिले. बऱ्याच वेळाने त्याने हात काढला.

“कुलदीप, दार लाव. न तेरेज, तूपन बस.”

डोंगरीच्या चढणीला त्याने दुसरा गिअर टाकला. इंजिन, वर तेरेज, तिच्या दोन पिशव्या. गाडी न कुरकुरता चढली. वळणावर तेरेज म्हणाली, “बघ!” सहादेव समोर बघत होता, पण त्याचा चेहरा उजळला होता.

पालीला इंजिन उतरत असताना उदयचा फोन आला. “बाबा, भंगारवाला उभा आहे इथे. तुम्ही कुठे?”

“त्याला सांग, गाडी द्यायची न्हाय. आरटीओत पासिंगची तारीख घे.”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना गाडी थकली म्हणून!”

“माझा चुकला. गाडी न्हाय थकली.”

उदयने हळूच विचारलं, “मग चालवणार कोण?”

“पायलला पाठव.”

सून पायल उत्तनच्या बसने आली. चार वर्षं तिने शाळेची व्हॅन चालवली होती. तोवर तेरेजने परतीसाठी सुक्या मासळीच्या गोणी भरायला घेतल्या होत्या. सहादेवने पायलला चाकाशी बसवलं.

“हात घाल. चार बोटं.”

“गेली की, बाबा. अजून जागा आहे.”

“तुझी बारीक हायत. तू अंगठापन धर. पाची गेली पायजेत.”

पायलने अंगठा धरला. शेवटची गोणी चढली आणि अंगठा अडला.

“एकाने काय होतंय, सादेवदा?” तेरेज म्हणाली.

सहादेवने पायलकडे पाहिलं.

“मावशी, उतरवा,” पायल म्हणाली.

तेरेज बडबडत गोणी उतरवू लागली. “एक गेला, दुसरी आली!”

सहादेवने किल्ली पायलच्या हातात दिली आणि वळसा घालून डाव्या बाजूला गेला. एकोणीस वर्षांत तो त्या सीटवर कधी बसला नव्हता. दार दोनदा ओढूनही नीट लागेना.

“बाबा, जरा उचलून ओढा,” पायल म्हणाली.

त्याने उचलून ओढलं. दार लागलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून तो समोरच्या रस्त्याकडे बघत बसला.