दारं धरणारा धोंडा

मी धोंडा बोलतोय. दिसायला भोपळ्याएवढा, तोही बुडाशी चेपलेला. पण हसू नका. बोलिव्हियाच्या या उंच डोंगरात, चुल्पानीच्या ओल्या कुरणावर, नेमेसिया आजीच्या, लोकरीसाठी पाळलेल्या दीडशे अल्पाका जगतात त्या माझ्या जिवावर.

बर्फाच्या कड्यावरून सुटलो, गडगडत आलो आणि पाटाच्या तोंडाशी अडलो. आजीच्या सासूने मला कामाला लावलं. मी डावीकडे बसलो की पाणी कुरणाच्या उजव्या अंगाला जातं, उजवीकडे बसलो की डाव्या. दर चौथ्या दिवशी मला सरकवायचं. पाट घोट्याएवढा उथळ, म्हणून पाणी पाझरत, रेंगाळत पसरतं आणि गवताच्या उशा फुगतात. काठाला रानहंस अंडी घालतात. अल्पाकांच्या रानातल्या बहिणी, विकुन्या, बिचकत बिचकत पाण्यावर येतात. हे सगळं आपोआप होतं असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आजीचा जावई कासियानो खाणीत बारा वर्षं काढून घरी आला. कुरण बघून म्हणाला, "आई, तुमचं पाणी म्हणजे लग्नाला निघालेली म्हातारी. दहा ठिकाणी बसतंय! मी सरळ खालपर्यंत नेतो."

"बसू दे रे बाबा. ते बसतं तिथंच गवत होतं."

ऐकेल तो जावई कसला! आजी शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, तेवढ्यात त्याने कमरेएवढा चर खणला. मला उपटून अल्पाका कोंडायच्या वाडग्याच्या दगडी गडग्यात बसवलं.

आजी परतून बघते, तर पाणी धावलं खरं. धावत थेट नदीला गेलं. चराने आजूबाजूची ओलही ओढून नेली. वर्षभरात उशा करपल्या, भेगाळल्या. पिल्लं आयांना लुचून लुचून दमली, दूधच नव्हतं. हंसांनी दोन घिरट्या घातल्या आणि गेले. आजीने शहरातल्या मुलाला निरोप धाडला, "ट्रक पाठव. कळप विकते आणि तुझ्याकडे येते." तेव्हा कुठे कासियानो चर बुजवायला माणसं मागत घरोघरी हिंडला.

दरवर्षीचा पाट उपसायचा दिवस आला. वीस घरची माणसं जमली. थकवा मारणारी कोकाची पानं चघळत त्यांनी यंदा उपसण्याऐवजी चर बुजवायला घेतला. कासियानो ओल्या गवताची ढेकळं पाठीवरून वाहत होता.

शेजारचे एउलोखियो काका ओरडले, "काय हो खाणवाले, सोनं लागलं का चरात?"

"लागलं ना काका. तेच परत पुरतोय."

मग पाटाच्या तोंडाशी काम अडलं. कासियानोने एक धोंडा ठेवला, तो वाहून गेला. दुसरा गरकन फिरला. तिसऱ्याखालून पाणी गळलं. खोटं कशाला बोलू, गडग्यात बसून मला फार बरं वाटत होतं! शेवटी आजीने मला हुडकलं. "हा घे. याचं बूड जड आहे. तुझ्यासारखा नाही, आला वारा की निघाला."

दोन वर्षं झाली. ट्रक आला, तो कळपाऐवजी लोकर भरून परत गेला. डावं अंग हिरवं झालंय, उजवं अजून अर्धं करपलेलं आहे. ते भरायला आजीचं आयुष्य पुरायचं नाही, माझं पुरेल. हंसांची एक जोडी परतलीय.

तुमच्याकडेही असं ओलं कुरण असेल तर चर खणण्याआधी तिथल्या म्हातारीला विचारा. आणि माझ्यासारखा कुणी पाटात बसलेला दिसला तर त्याला रिकामटेकडा समजू नका.

आज चौथा दिवस. कासियानोची पावलं वाजताहेत. सरका जरा, मला पलीकडे जायचंय.