देवाला पत्ता लागतो

आमच्या करी रोडच्या चाळीत गावकीची एक खोली आहे. गावाहून गिरणीत आलेले बापये तिथे ट्रंका ठेवतात आणि पूर्वी पाळीपाळीने झोपायचे. भिंतीवर रवळनाथाचा फोटो, खुंट्यांवर लेंगे आणि मध्ये सतरंजी. संप झाल्यापासून पाळ्या संपल्या, सगळे एकदमच घरी, त्यामुळे सतरंजीवर बसून निर्णय घेण्याचं काम फार वाढलं. कोणाचं लग्न कुठे करायचं, कोणी गावी जाऊन शेत बघायचं, कोणाच्या बायकोने किती बोलायचं. संप कधी मिटणार एवढं सोडून त्या खोलीत सगळं ठरतं.

दुर्गाचंही तिथेच ठरलं. दुर्गा माझी चुलत बहीण, लहूकाकांची मुलगी. मी दहावीत, ती माझ्याहून मोठी, पण संपाच्या पहिल्याच वर्षी तिची शाळा सुटली आणि आईबरोबर, म्हणजे कौसल्याकाकीबरोबर, ती लोकांचे पापड लाटायला लागली. तिला बहारीनला घरकामाला पाठवायचं असं गावकीने ठरवलं, आणि ठरवत असताना तिला चहा आणायला पाठवलं होतं. परत आली तर तिचं आयुष्य ठरलेलं आणि चहा मात्र एक कप कमी, म्हणून बोलणी तिलाच.

नेणारा होता रघुवीर मेस्त्री. आमच्याच गावचा, खालच्या वाडीतला. अंगात सफारी, खोलीतसुद्धा गॉगल, डाव्या मनगटात जाडं चांदीचं कडं, आणि अत्तर असं की तो जिन्यावरून गेला की सुक्या बोंबलांनाही आपली लाज वाटावी. त्याने भजनी मंडळाला नवी पेटी आणून दिली आणि त्या दिवसापासून रघुवीरचा रघुवीरशेठ झाला. तो काय धंदा करतो हे कोणी विचारलं नाही. आमच्या गावकीचे सेक्रेटरी राजाराम, ते पोस्टमनलासुद्धा तू कुठला, कोणाचा, असं विचारून मगच जिना चढू देतात. पण रघुवीर आपल्या गावचा. तेवढा एक दाखला पुरे. गावचा माणूस दारू पिईल, बायकोला मारेल, पण गाववाल्याला फसवणार नाही, अशी यांची समजूत. ही समजूत कुठल्या शाळेत शिकवतात मला ठाऊक नाही, माझ्या तरी नाही.

माझ्या शाळेत सिस्टर रेजिना आल्या होत्या. दादरला चर्चच्या मागे एक खोली आहे, तिथे त्या परदेशातून मार खाऊन परत आलेल्या, कुठेकुठे विकल्या गेलेल्या, गाव सोडून भटकत मुंबईत पोचलेल्या बायकांचं काम बघतात. काम म्हणजे पोलिसांशी भांडणं, वकिलाच्या पायऱ्या चढणं, पासपोर्ट परत मागणं. त्यांनी आम्हा मुलींना वर्गात सांगितलं की कोणी कामाला नेतो म्हणाला तर तीन गोष्टी विचारा: कोणाच्या घरी, कुठे, आणि तिथून पत्र कोण टाकू देणार. वर्गातल्या मुली खिदळल्या. मी नाही खिदळले, कारण माझ्या डोळ्यांपुढे ते कडं आलं.

मी शाळा सुटल्यावर त्यांच्या खोलीवर गेले. तिथे चर्चच्या दोन जाडजूड बाया जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या होत्या आणि कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीकडे बघून ‘पुअर थिंग, पुअर थिंग’ करत होत्या. गाठोड्यात एक फाटका लेसचा पडदा होता. पडद्याचं ती काय करणार, हे देवाला आणि त्या बायांनाच माहीत. सिस्टरनी पडदा घडी करून परत त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, कपडे नकोत, कोर्टात तारखेला येऊन तिच्याशेजारी बसा. त्यावर दोघींना एकदम घरची आठवण झाली.

कोपऱ्यातली मुलगी रखमा, शिवडीची. तिच्या दंडावर इस्त्रीचा डाग होता, अख्ख्या इस्त्रीचा, टोकासकट. तिला कुवेतला पाठवलं होतं मुलं सांभाळायला. मी तिला नेणाऱ्याबद्दल विचारलं. तिने फक्त आपल्या डाव्या मनगटाभोवती बोटं फिरवली.

मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, कडं काय, मुंबईत शंभर जणांकडे असतं. लहूकाका विडी काढून गॅलरीत गेले. काकी म्हणाली, तुझ्या तोंडात चांगलं कधी येतच नाही गो. राजाराम म्हणाले, शिवडीची पोरगी आपल्या गावची आहे का? नाही ना? मग.



रविवारी सकाळी दुर्गाला निघायचं होतं. गावकीच्या खोलीत गाऱ्हाणं ठेवलं होतं. आमच्यात कोणी दूर निघालं, कोणाचं लग्न ठरलं, की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. ते घालतात अप्पा. अप्पा गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, डोळ्यांनी आता कमी दिसतं, पण आवाज असा की भोंगा बंद पडला तरी पाळी चुकायची नाही. आणि त्यांचा एक हट्ट. देवाला पुरा पत्ता सांगायचा. माणूस कुठे जातंय, कोणाच्या घरी, कुठल्या आळीत, हे सांगितल्याशिवाय देवाने राखण करायची कुठे? चाळीतल्या दत्तूच्या लग्नाच्या वेळी नवरीची घाटकोपरची गल्ली कोणाला ठाऊक नव्हती म्हणून अप्पांनी वरात थांबवून माणूस पाठवला होता. बँडवाले तोवर दोनदा चहा प्यायले. मी या हट्टाला फार हसायचे.

खोलीत सगळे जमले. दुर्गाच्या अंगावर रघुवीरने आणलेली नायलॉनची साडी, गुलाबी, इतकी गुळगुळीत की पदर खांद्यावर राहतच नव्हता. आणि तेवढ्यात दारात सिस्टर रेजिना उभ्या. मीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला, आणि रघुवीरला त्याच तीन गोष्टी विचारल्या. आवाज न चढवता.

खोलीतल्या बापयांना असा चेव गिरणीच्या मालकापुढेही कधी आला नव्हता. कोणी म्हणालं, ही बाटवायला आलीय. कोणी म्हणालं, आमच्या पोरी घेऊन जाऊन हिला नन करायच्यात. राजाराम म्हणाले, आमच्या देवासमोर परक्याने बोलायचं नाही. रघुवीर गॉगलमागून हसला आणि म्हणाला, बाई, तुमच्या देवाला सांगा, आमच्याला आम्ही सांगतो. सगळे खो खो हसले. लहूकाकासुद्धा. मला त्या हसण्याची किळस आली.

सिस्टर बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या, चपलांच्या ढिगाशेजारी. मी मागोमाग गेले आणि आता काय करायचं ते विचारलं. मला वाटलं आता रडायचं वगैरे असतं. त्या रुमालाने मान पुसत होत्या. मूळच्या त्या वेंगुर्ल्याच्या, त्यामुळे माझ्याशी सरळ मालवणीतच बोलल्या.

“गाराणा कोण घालता तुमच्यात?”

मी म्हटलं, अप्पा, आणि त्यांचा पत्त्याचा हट्टही सांगितला.

“मगे माका कित्याक इचारतंस? तुमच्या देवाक पत्तो लागता मां? माझ्या तोंडान नको, तेंच्या तोंडान इचार.”

मी आत गेले तेव्हा राजाराम अप्पांच्या कानाशी लागले होते: थोडक्यात आटपा, शेठना विमान गाठायचंय, परदेशातलं देवाला आपोआप कळतं. आणि अप्पा, ज्यांनी घाटकोपरसाठी वरात थांबवली, ते मान हलवत होते. पेटी त्यांच्या गुडघ्याशीच होती. नवीकोरी.

मी म्हटलं, “अप्पांनू, घाटकोपर देवाला कळत नव्हतं आणि बहारीन बरं कळतं?”

बाबांनी माझा दंड धरला. पण अप्पांचा चेहरा बदलला. त्यांना कोणी खोटारडं म्हटलेलं चालतं, पण गाऱ्हाण्यात चूक काढलेली चालत नाही. त्यांनी राजारामना हाताने बाजूला सारलं, नारळ पुढे ओढला आणि म्हणाले, नेणाऱ्याने नारळावर हात ठेवायचा.

रघुवीरने हात ठेवला. कड्याचा नारळावर टक् असा आवाज आला.

“बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“आज ह्या लहूचा चेडू दुर्गा दर्यापार जाता हा.”

“व्हय म्हाराजा.”

“रघुवीर मेस्त्री तेका घेवन जाता हा... खंय रे?”

रघुवीर म्हणाला, बहारीन.

“बहारीनाक खंय?”

मनामा, असं तो म्हणाला. मोठं शहर आहे.

“मनामात कोणाच्या घराक?”

एका शेखाकडे.

“नाव काय शेखाचा?”

आता मला सांगा, त्याला काय अवघड होतं? तोंडात येईल ते नाव ठोकून द्यायचं. या माणसाने पासपोर्ट ऑफिसात खोटं सांगितलं होतं, रखमाच्या आईला खोटं सांगितलं होतं, लहूकाकांच्या डोळ्यांत बघून महिनाभर खोटं बोलत होता. पण हात नारळावर होता आणि नारळ रवळनाथाचा. पोलिसांना न भिणारा रघुवीरशेठ पाच बोटांखालच्या नारळाला भ्यायला. त्याने गॉगल काढला. आत अगदी साधे, घाबरट डोळे होते, खालच्या वाडीतल्या पोराचे.

त्याने हात उचलला आणि म्हणाला, पत्ता ऑफिसात राहिला, आत्ता घेऊन येतो.

“मगे नारळ थांबतलो,” अप्पा म्हणाले.

तो गेला. जिन्यावरच्या सिस्टरना वळसा घालून, भिंतीला घासत गेला. विमानाची वेळ टळली तरी आला नाही. काकी दुर्गाच्या साडीचा पदर हातात धरून बसली होती, जणू पोरगी त्या पदराने बांधलीय. आणि मग राजाराम खाकरले आणि म्हणाले, मला पहिल्यापासून संशय होता.

झालं. एकेक करून सगळ्यांनाच पहिल्यापासून संशय असल्याचं निघालं. कोणी कड्यावरून ओळखलं होतं, कोणी अत्तरावरून. बाबासुद्धा म्हणाले, पेटी घेतली तेव्हाच मी म्हणणार होतो. लहूकाका तेवढे भिंतीकडे तोंड करून बसले, आणि त्या सगळ्या बापयांत मला तेवढेच जरा माणूस वाटले. जी बाई अशा पोरींना हाताला धरून परत आणते तिला यांनी चपलांत बसवलं, आणि खरं सांगायचं काम टाकलं नारळावर. तोसुद्धा बिचारा काही बोलला नाही.

दुर्गा उठली. सकाळपासून तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता, विमानात बसायचंय का इतकाही. मला वाटलं होतं ती चिडली असेल, तिला विमान बघायचं होतं. तिने नायलॉनची साडी सोडून तिथेच, सगळ्यांसमोर, सतरंजीवर टाकली. आत परकर-पोलक्यावर तिने आपली जुनी साडी आधीच नेसलेली होती. आधीच! म्हणजे तिलाही काहीतरी वाटत होतं आणि सांगायला या खोलीत जागा नव्हती. मग तिने देवापुढचा नारळ उचलला, बाहेर गेली, सिस्टरच्या शेजारच्या पायरीवर आपटून फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्या हातात दिला.

राजाराम दारात धावत आले. देवाचा प्रसाद, तो आधी किरिस्तावाला?

दुर्गाने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. “तुमका पत्तो इचारूक कोणी आडवल्यान हुता?”

सिस्टरनी खोबरं कपाळाला लावून खाल्लं. मग पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, तो आता कुठल्या चाळीत जाईल? मी काही सांगायच्या आत दुर्गा म्हणाली, शिवडीला त्याची मावशी राहते, तिथे तिच्या शेजारच्या दोन पोरींचं बोलणं चाललंय, चहा देताना मी ऐकलंय. आणि तिने ढिगातून आपल्या चपला शोधायला घेतल्या.

आम्ही तिघी जिना उतरलो तेव्हा वर वाद चालू होता. पेटी परत करायची की ठेवायची. ठेवायची, असं ठरत आलं होतं.