ओल्या कार्डांची दुपार

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी कार्डपेटी आहे. मला अठरा खण आहेत आणि प्रत्येक खणाला पितळी कडी आहे. १९६६ साली नागपुरात लकडगंजच्या रुपराव मिस्त्रींनी मला घडवले. खण सरकताना आवाज येऊ नये म्हणून त्यांनी माझ्या कडांना मेण चोळले होते.

धंतोलीतल्या एका रक्तदाता मंडळाच्या खोलीत मला ठेवले. आसपासच्या दवाखान्यांना रक्त लागले की ते आमच्याकडे फोन करीत. मंडळाच्या कारकून कुसुमताई माझा खण उघडत, त्या गटाच्या माणसाचे कार्ड काढत आणि त्याला निरोप पाठवत. नाव, पत्ता, रक्तगट, शेवटचे रक्त कधी दिले, हे सारे त्या कार्डावर निळ्या शाईने लिहिलेले असे. दुर्मिळ गटांची कार्डे चटकन हाताला यावीत म्हणून सर्वांत वरच्या खणात होती. त्यांच्या कडेला लाल रेघ होती.

निरोप पोचवायचे काम नत्थूजींचे. ते मंडळाचे शिपाई होते, पन्नाशी उलटलेले. अक्षरओळख जेमतेम, पण सायकलवरून सारे नागपूर त्यांनी पालथे घातले होते. मंडळाचे सेक्रेटरी वामनराव पाहुण्यांना मला दाखवून म्हणत, "ही आमची पेटी. हिच्यात दोन हजार माणसं आहेत." तेव्हा मला फार अभिमान वाटे. या दोन हजार माणसांची माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेही नोंद नव्हती, हे मात्र तेव्हा कोणाच्याच मनात आले नाही. माझ्याही नाही.

१९७४ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या वरच्या खिडकीत कूलर होता. त्या सकाळी नत्थूजींनी त्यात पाण्याची नळी सोडली, पण नळाला पाणी नव्हते. तोटी उघडीच राहिली. दुपारी सगळे जेवायला मागच्या खोलीत गेले आणि नळाला पाणी आले. कूलर भरला, वाहू लागला आणि पाण्याची धार थेट माझ्या वरच्या खणात उतरली. मी ओरडणार कशी? माझ्या आत शाई फुटत होती, एकेक नाव विरघळत होते आणि मी नुसती उभी होते.

कुसुमताईंनी खण ओढला तेव्हा त्यांच्या बोटांना निळे पाणी लागले. त्यांनी कार्डे जमिनीवर पसरली. रेघा तेवढ्या लाल होत्या, बाकी सारे निळे डाग.

नत्थूजी पुढे झाले. "बाई, नळी म्याच लावली होती. तोटी बंद कराची राह्यली."

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्याच दवाखान्यातून डॉक्टर बोलत होते. पारशिवनीजवळच्या खेड्यातली पंचफुला नावाची बाई सकाळी बाळंत झाली होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. एक बाटली मिळाली होती, संध्याकाळपर्यंत आणखी एक हवीच होती.

वामनराव हळूच म्हणाले, "आज ऑफिस बंद आहे म्हणून सांगा. उद्या पाहू."

कुसुमताईंनी नकारार्थी मान हलवली. "डॉक्टरसाहेब, आमची कार्डं भिजली आहेत. नावं वाचता येत नाहीत. तरी आम्ही शोधतो. तिच्याजवळ कोण आहे?"

तिची सासू अंजनाबाई फोनवर आली. तिचा मोठा, खरखरीत आवाज मलाही ऐकू आला.

"तुमच्या पेटीत पानी गेलं, त्याले माही सून काय करन वं बाई?"



"तिनं काहीच करायचं नाही, आई," कुसुमताई म्हणाल्या. "चूक आमची आहे. मी तुम्हाला दर पंधरा मिनिटांनी फोन करीन. काही सापडलं नाही, तरी करीन."

मग त्या नत्थूजींकडे वळल्या. "लाल रेघेच्या कार्डांचे निरोप तुम्हीच नेत होतात ना? ओ निगेटिव्हवाले आठवून पहा. नावं राहू द्या, घरं सांगा."

नत्थूजींनी डोळे मिटले. एक घर सीताबर्डीच्या गल्लीत, पण तो माणूस रायपूरला गेला. एक बाई महालात, तिने गेल्याच महिन्यात रक्त दिले होते. एक म्हातारे वारले. मग म्हणाले, "इंदोऱ्यात हिरव्या फाटकाचं घर हाय. आनंदराव. पोरीले खांद्यावर घेऊनच बोलते तो."

डोक्याला दुपट्टा बांधून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून ते त्या उन्हात सायकलवर निघाले. कुसुमताईंनी पंधरा मिनिटांनी फोन केला. "आमचा माणूस निघाला आहे, आई." पुन्हा पंधरा मिनिटांनी, "अजून पोचला नाही." अंजनाबाई दर वेळी फक्त "हं" म्हणे. तिसऱ्या फोनला मात्र ती म्हणाली, "तुम्ही सांगून राहिल्या, तर मले धीर भेटून राहिला."

मग इंदोऱ्यातल्या एका दुकानातून नत्थूजींचा फोन आला. "बाई, आनंदराव इथं नाही राह्यला. दोन साल झाले, खापरखेड्याच्या पॉवर हाऊसवर लागला."

मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. त्याचे कार्ड कोरडे असते, तरी त्यावर इंदोऱ्याचाच पत्ता असता.

कुसुमताईंनी खापरखेड्याला अर्जंट ट्रंक कॉल लावला. आनंदराव पाळीवर होता. फोन घेणाऱ्याला त्या म्हणाल्या, "दादा, निरोप लिहून ठेवू नका. स्वतः जा आणि त्याला सांगा." तो माणूस गेला. पावणेपाच वाजता पॉवर हाऊसचा ट्रक धंतोलीत थांबला. कोळशाने काळवंडलेल्या चेहऱ्याचा आनंदराव उतरला आणि विचारता झाला, "कुठं जाचं हाय?"

साडेसहाला आमचा फोन वाजला. या वेळी अंजनाबाईने केला होता. "बाई, बाटली चढली. रक्त थांबलं. डोये उघडून पोरीकडं पाहून राहिली."

कुसुमताई खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. नत्थूजी दारातच उभे होते. वामनराव त्यांना काही बोलणार, तोच कुसुमताई म्हणाल्या, "दोन हजार माणसं एका पेटीत, आणि पेटी कूलरखाली. हे आपण सगळेच रोज पाहत होतो, साहेब."

वामनरावांनी बाह्या सरसावल्या, माझी एक बाजू स्वतः उचलली आणि दुसरी नत्थूजींनी. मला दुसऱ्या भिंतीशी नेले.

पुढचा महिनाभर ओळखीच्या दात्यांकडून निरोप गेले, माणसे आपणहून येऊन नावे सांगू लागली. आता कार्डे पेन्सिलीने लिहिली गेली, कारण पेन्सिल पाण्याने जात नाही. प्रत्येकाची दुसरी प्रत दुसऱ्या गल्लीतल्या एका घरी ठेवली गेली. दरवर्षी पत्ता विचारायला पोस्टकार्डे जाऊ लागली.

त्याच दिवसांत अंजनाबाई आली. तिला स्वतःचे रक्त द्यायचे होते. तपासणीत तिचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. कुसुमताई म्हणाल्या, "या गटाची पुष्कळ माणसं आहेत आमच्याकडे."

"मंग काय झालं? माहं नाव बी लिवा," ती म्हणाली आणि कार्ड खणात जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

आता १९८६ साल आहे. मंडळाने लोखंडी कपाटे घेतली आणि मी त्या दुसऱ्या गल्लीतल्या घराच्या व्हरांड्यात आले. माझा वरचा खण फुगला आहे, तो नीट सरकत नाही. कधी महिनोन्महिने कोणी माझ्यावरची धूळ पुसत नाही. पण दुसऱ्या प्रतीची कार्डे आता माझ्याच पोटात आहेत, म्हणून मी तक्रार करीत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. दुसऱ्यांची माहिती तुमच्या हाती सोपवलेली असेल, तर ती एकाच जागी ठेवू नका आणि ती जुनी होऊ देऊ नका. आणि एवढे करूनही एखाद्या दिवशी सारे बिघडले, तर तोंड लपवू नका. पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते. फोन उचला.