एका फ्रॉकचं वजन

“पिशवी खाली ठेव गं, खारूताई. वजन तुझं करायचंय, तुझ्या बिऱ्हाडाचं नाही.”

सात वर्षांच्या त्या मुलीने पिशवी आणखी घट्ट धरली. मिळेल ते अंगाशी साठवायची, म्हणून नर्सबाईंनीच तिला खारूताई हे नाव ठेवले होते. मायलेकी वर्षभर रात्रनिवाऱ्यात झोपत. सकाळी सातला दार बंद झाले की विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नर्सबाई निवाऱ्यातल्या मुलांची वजने करत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वहीत खाडाखोड नव्हती, आणि ही गोष्ट त्या न विचारताही सांगत.

शेवटी आईने पिशवी काढून घेतली. बूट मात्र राहिले. ते काढायला सांगितले की पोर थरथर कापायची, म्हणून नर्सबाई अंदाजाने अर्धा किलो वजा करत. ते वजा जाता आज आकडा आला साडेअठरा किलो. गेल्या महिन्यापेक्षा जास्त. नर्सबाई खूश झाल्या.

तेवढ्यात मुलीला खोकल्याची उबळ आली. छाती तपासायला त्यांनी फ्रॉकचे बटण काढले, तर आत दुसरा फ्रॉक. त्याच्या आत तिसरा. खाली दोन विजारी.

“हे काय गं बाई?”

“बाजूला ठेवलं की चोरीला जातं,” आई ओशाळून म्हणाली. “म्हणून कुणी दिलेलं सगळं अंगावरच. बूट घालूनच झोपते. कुणी ऊठ म्हटलं तर, म्हणते, आपण तयार पाहिजे.”

नर्सबाईंनी काटा पुन्हा शून्यावर आणला. एकेक कपडा उतरवून, गोड बोलून बूटही काढून त्यांनी पुन्हा वजन केले. सोळा किलो. म्हणजे वर्षभर वाढत होते ते कपडे. पोर तिथल्या तिथेच होती.

आणि निवाऱ्यातल्या कुटुंबांना घरे वाटली जात होती याच वहीवरून. ज्याचे मूल खंगलेले, त्याला खोली आधी. ‘वजन समाधानकारक’ असे लिहून नर्सबाईंनी स्वतःच्या हाताने या दोघींना यादीच्या तळाला बसवले होते.

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन घरवाटप अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, चूक माझी आहे. ही बारा वजनं खोटी आहेत.”

“बाई, चार महिन्यांनी निवृत्त होताय. आता कशाला डाग लावून घेता? पुढच्या वर्षीच्या यादीत बघू.”

“पुढच्या वर्षी? चार महिने खोकतेय ती. रोज अंथरूण ओलं करते. दार वाजलं की दचकते. शाळेत महिनाभर तोंड उघडलेलं नाही. हा डॉक्टरांचा कागद. डाग वहीला लागू दे, साहेब. वही काही खोकत नाही.”

साहेब फाइल चाळत राहिले. नर्सबाईंनी खुर्ची ओढली आणि डबा उघडून ठाण मांडले. एकतीस वर्षे रडणाऱ्या पोरांसमोर बसलेल्या बाईला साहेब काय दमवणार? त्यांनी बारा आकड्यांवर लाल रेघ मारून खाली स्वतःची सही केली. चार वाजता साहेबांनीही केली.

खोली मिळाली. तिसरा मजला, एक खिडकी, आतून लागणारी कडी.

चार महिन्यांनी, नर्सबाईंच्या शेवटच्या सोमवारी, दारात खारूताई आली. अंगात एकच फ्रॉक. उंबऱ्याशीच तिने बूट भिरकावले. एक इकडे, एक तिकडे.

“आता बारा पायऱ्यांवर दम लागत नाही मला,” ती म्हणाली. “छत्तीस चढते. आणि रात्री कडी मीच लावते.”

नर्सबाईंनी आकडा दोनदा पाहिला. अठरा किलो सातशे. कपड्यांनी सांगितलेल्या थापेपेक्षा पोर दोनशे ग्रॅमने पुढे गेली होती. त्यांचा आनंद गगनात मावेना. आकडा त्यांनी इतका मोठा लिहिला की दोन ओळी गेल्या.

“आणि पिशवी कुठंय गं?”

“घरी,” ती म्हणाली, आणि काट्यावरून उडी मारून अंगणातल्या मुलांकडे पळाली.

“अगं, बूट!” आई मागे धावली.

“राहू देत,” नर्सबाई म्हणाल्या. “आठवण झाली की येईल.”

त्यांनी दोन्ही बूट उचलून दाराशी शेजारी शेजारी ठेवले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.