प्रोजेक्टचा मधला थर

भागीदार निवडताना आधी त्याच्या घरचा धंदा विचारावा, हे मला कुणी शिकवलं नाही. एम.कॉम.ला बँकिंग अँड फायनान्स घेऊन दोन वर्षं मी जोखीम व्यवस्थापनावर पानंच्या पानं खरडली आणि खरी जोखीम माझ्याच बाकावर बसून शेंगदाणे खात होती. नाव दिपक, राहणार घोलवड.

मी शितल, डहाणू रोडची, वडील रेल्वेत. गोष्ट २०१८ च्या उन्हाळ्याची. तलासरीच्या एका ज्युनियर कॉलेजात वाणिज्य शिकवायची जागा निघाली होती. तिथल्या प्राचार्य सुनंदा मॅडम मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, "लेखी झालीये तुझी. प्रोजेक्ट पास झाला की फोन कर, जागा तुझी. नाही झाला तर दुसरी मुलगी तयार आहे." मला ती जागा हवीच होती. इतकी, की वर्गावर कुठल्या वारी कुठली साडी नेसायची तेही मी ठरवून टाकलं होतं.

आमच्या कॉलेजात दोघांत मिळून एक प्रोजेक्ट. आमचा विषय मोबाइल बँकिंगचा वापर. सुरुवातीचं तलासरीचं सर्वेक्षण मी केलं, शेवटचं वाणगावचं आणि निष्कर्षही मीच लिहिले. मधलं प्रकरण घोलवडचं, ते दिपककडे. त्याचं गावच ते, त्यात काय चुकणार? त्याने छान सोनेरी अक्षरांत बांधून आणलेली प्रत मी वरून पाहिली, खालून पाहिली आणि 'आम्ही हा अहवाल संपूर्ण वाचला आहे' याखाली झोकात सही ठोकली.

आता दिपकच्या घरी चिकूच्या पेट्या भरतात. सगळेच तसं करतात असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या घरची रीत अशी: तळाला मोठी फळं, वर मोठी फळं, आणि मध्ये जे असेल ते. त्या पोराने आख्खं लहानपण हेच पाहिलं. त्याला वाटलं, जगात भरायच्या सगळ्याच गोष्टी अशा भरतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून शांताराम सर आले. समोर आमचा प्रोजेक्ट ठेवला. भला माणूस पहिलं पान उघडेल की नाही? यांनी प्रत हातात तोलली, आडवी धरली आणि बरोबर मध्यावर अंगठा घुसवला. दिपकच्या घशातून बारीक आवाज आला. सरांच्या घरी रत्नागिरीला आंब्याच्या पेट्या भरतात, हे आम्हाला मागाहून कळलं.

"'घोलवड येथे रेल्वे स्टेशन नसल्यामुळे,'" सर मोठ्याने वाचू लागले, "'ग्रामस्थांना महामार्गावरून जीपने जावे लागते.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी काल घोलवड स्टेशनवर उतरलो होतो. चिकू घ्यायला. मग काय धावत्या जीपमधून उतरलो?"

मी दिपककडे पाहिलं. दिपक पंख्याकडे पाहत होता.

"'घोलवडपासून समुद्र बराच लांब आहे.' कुठला राहणारा रे तू?"

"घोलवडचा, सर."

"समुद्र किती लांब आहे तुझ्या घरापासून?"

"भरतीला का ओहोटीला, सर?"

एकूण प्रकार माझ्या ध्यानात आला. या महाभागाने माझं तलासरीचं प्रकरण जसंच्या तसं उचललं होतं आणि कॉम्प्युटरला सांगितलं होतं, जिथे जिथे तलासरी दिसेल तिथे घोलवड घाल. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने घातलं. माझ्या अंगाचा असा काही तिळपापड झाला की ती सोनेरी अक्षरांची प्रत मी त्याच्या डोक्यात घातली असती, पण ती सरांच्या हातात होती.

"सर, मधलं सगळं माझं आहे," दिपक म्हणाला. "तिला माहीत नव्हतं. तिला पास करा."

तेवढ्यापुरता मला तो बरा वाटला. पण सरांनी माझ्यासमोर सहीचं पान धरलं.

"न वाचता दुसऱ्याच्या भरवशावर सही करणाऱ्याला बँकेत काय म्हणतात?"

"जामीनदार, सर."

"आणि तो पळाला तर वसुली कुणाकडून?"

"जामीनदाराकडून, सर."

"भरा मग दोघं थकबाकी. मी पुढच्या शनिवारी पुन्हा येतोय. घोलवडचं खरं सर्वेक्षण आणा. नाही आणलंत तर दोघंही नापास."

आठवडाभर मी दिपकला मानगूट धरून घोलवडभर फिरवलं. सुरुवात त्याच्याच घरून केली. त्याची निर्मला काकी ओट्यावर बसून चिकू निवडत होती.

"काकी, मोबाइलवरून बँकेचं काम करता का?"

"एकदा केलेलं. तो नंबर येते ने, ओटीपी? कुणाला सांगू नका म्हणतात. मंग मना तरी कशाला सांगतात?"

मी 'नाही' वर खूण केली. पुढच्या घरी रेंज नव्हती. त्यापुढच्या घरी मोबाइल होता पण तो मुलगा घेऊन वापीला कामाला गेला होता. रोपांच्या नर्सरीतल्या लाहूने सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं आणि शेवटी विचारलं, हे कशाबद्दल चाललंय? वाड्यांतून, बागांतून, बाजारातून हिंडलो. माझं नाक भाजून निघालं. पण सर्वेक्षण मात्र असं चोख झालं की मला माझाच अभिमान वाटला.

शुक्रवारी बेरजा मारल्या. पटेना म्हणून पुन्हा मारल्या. मोबाइल बँकिंग न वापरणारे, तलासरीत जेवढे टक्के तेवढेच घोलवडात. भीती वाटते म्हणणारे, तेवढेच. रेंज नाही म्हणणारे, एखादा टक्का इकडेतिकडे. दिपकचं चोरलेलं प्रकरण, स्टेशन आणि समुद्र सोडला तर, तंतोतंत खरं होतं.

"बघ!" दिपक खूश झाला. "म्हणजे मी बरोबरच होतो."

"गाढवा, सरांना काय सांगायचं? तेच आकडे पुन्हा नेले तर ते खिडकीतून फेकतील. आधी प्रोजेक्ट आणि मागून मला."

दिपकने विचार केला. "मंग थोडे बदलूया ने. खरे वाटतील असे."

खोटं म्हणून पकडलेलं खरं निघालं आणि आता ते खरं वाटावं म्हणून खोटं करायचं! मी पेन्सिल हातात घेतली, हे कबूल. पण उन्हात भाजलेलं नाक ठणकत होतं. एवढं हिंडून आणलेलं मी खोटं करू? मुळीच नाही.

"आकड्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले. "सरांना आकडे पटणार नसतील तर माणसं दाखवू."

शनिवारी चिकूचा टेम्पो घोलवडहून निघाला तो माणसं भरून. निर्मला काकी पुढे, मागे लाहू, शेजारपाजारचे, आणि वाटेत 'कुठं चाललात?' असं विचारणारे दोघंतिघंही चढले.

सरांनी तक्ता पाहिला आणि त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "पुन्हा तेच? तुम्ही मला..."

"सर, तपासून घ्या," मी दार उघडलं.

काकी आत आली आणि तिच्यामागून घोलवड आत आलं. "कोण म्हणते आम्ही नय सांगितलं म्हणून?" काकीने सरांच्या टेबलावर पिशवी आपटली. "या पोरीनं मना भर दुपारची ओट्यावर येऊन विचारलंय!" लाहूने सगळ्याला हो म्हटलं. एका आजोबांनी आपला मोबाइल सरांच्या हातात दिला आणि आता तुम्हीच बघा याला काय झालंय ते, असं सांगितलं. दुसऱ्याने एटीएम कार्ड काढलं. तिसरा थेट सरांना बँकवाले समजून कडाकडा भांडायलाच लागला. सर म्हणत होते, "अहो, मी बँकेचा नाही, मी परीक्षक आहे," आणि प्रत्येकजण म्हणत होता, "मग तर तुम्ही सांगितलेलं ते ऐकतील."

शेवटी त्या गर्दीतून हात वर आला. हातात पेन होतं. "पास! दोघंही पास! बरोबर आहेत आकडे! यांना घेऊन जा आधी!"

परतताना मी टेम्पोतून उभ्याउभ्याच सुनंदा मॅडमना फोन लावला. "मॅडम, पास झाले मी."

"अभिनंदन. पण शितल, मागे एवढा गलका कसला? तू कुठे आहेस?"

मी वळून पाहिलं. काकी सरांची नक्कल करत होती, आजोबा गात होते, दिपक सगळ्यांना शेंगदाणे वाटत होता आणि लाहू हो म्हणत होता.

"एक सांग," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे वर्गात सत्तर पोरं आहेत. आवरता येतील ना तुला?"

मी फोन कानाला तसाच धरला, मागे वळले आणि डहाणू रोड ते बोर्डी ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "गप्प बसा सगळे!"

टेम्पो चिडीचूप झाला. ड्रायव्हरनेसुद्धा इंजिन बंद केलं.

मग मॅडम म्हणाल्या, "सोमवारी सकाळी या, शितल मॅडम."